उंदराचे डोळे आणि सकाळची गोळी

आरू माझ्या टेबलाखाली बसून वजनकाट्याचा स्क्रू काढत होती. तिची आई खुर्चीत बसून मला सांगत होती की मुलगी तशी शांत आहे, फक्त शाळेत थोडा प्रॉब्लेम आहे.

"थोडा म्हणजे किती?" मी विचारलं.

"थोडाच," ती म्हणाली आणि रडायला लागली.

ही रोह्याची ओपीडी. मी लहान मुलांची मानसोपचारतज्ज्ञ. क्लिनिक पेणला, आणि आठवड्यातून एक दिवस रोह्याला बसते. नवख्या माणसाला वाटेल, पेणचे पेशंट पेणला येत असतील आणि रोह्याचे रोह्याला. छे. बोर्डावर 'मानसोपचार' लिहिलेलं असतं. आपल्याच गावात त्या दारातून आत जाताना कुणी बघितलं म्हणजे? म्हणून पेणची माणसं गाडी पकडून रोह्याला येतात आणि रोह्याची पेणला. वाटेत कासूच्या आसपास माझे दोन्हीकडचे पेशंट एकमेकांना ओलांडून जात असणार. पूर्वी मला याचा राग यायचा. आता मी रोह्याला पेणचे रिपोर्ट आणि पेणला रोह्याचे रिपोर्ट घेऊनच निघते.

आरूची आई प्रणिता मूळची रोह्याची, सासर हमरापूरला. सासरी गणपतीचा कारखाना. माहेरी जाऊन येते असं सांगून ती मुलीला घेऊन आली होती. (नावं सगळी बदलली आहेत. हमरापूरला कारखाने इतके आहेत की शोधायला जाऊ नका, दमाल.)

आरू नऊ वर्षांची, चौथीत. झालं होतं ते असं. मधल्या सुट्टीत शाळेच्या गेटमधून तिला रस्त्यावर एक टेम्पो दिसला. टेम्पोत मोठा गणपती. तिला वाटलं आपल्याच कारखान्यातला. ती गेटबाहेर पडली आणि सरळ रस्ता ओलांडून धावली. वडखळकडून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरने ब्रेक मारला. पोरीला खरचटलंसुद्धा नाही. ड्रायव्हर मात्र खाली उतरला, रस्त्याच्या कडेला बसला आणि लोकांकडे पाणी मागायला लागला.

मुख्याध्यापकांनी दुसऱ्या दिवशी प्रणिताला बोलावून सांगितलं, हिचं काहीतरी औषधपाणी करा, नाहीतर शाळा बदला.

"गणपती कुणाचा निघाला?" टेबलाखाली वाकून मी आरूला विचारलं.

"आमचा नव्हता," ती म्हणाली. "सोंड बघूनच कळलं. पण तोवर मी पोचले होते."

प्रणिताला एसटीपेक्षा दुसरंच काहीतरी जास्त लागलं होतं. "हिच्या बाकावर कोण बसत नाय, मॅडम," ती म्हणाली. "वाढदिवसाला वर्गातल्या सगळ्या मुलींना बोलावलं. एक आली. ती पण चुलत बहीण."

आता थोडं माझ्या धंद्याचं. पोर चळवळं आहे म्हणून लगेच एडीएचडी होत नाही. एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं, एका जागी बसणं आणि करण्याआधी थांबणं, या गोष्टी वयाच्या मानाने फार कठीण जाणं. ते घरी दिसायला हवं, शाळेतही दिसायला हवं, लहानपणापासून असायला हवं आणि त्याने मुलाचं रोजचं आयुष्य अडायला हवं. ऐकू नीट येतं का, दिसतं का, झोप होते का, घरात मारहाण वगैरे नाही ना, हे सगळं आधी तपासायचं. पहिल्याच दिवशी गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरवर माझा विश्वास नाही, मग ती मी का असेना.

मी वर्गशिक्षिका घरत बाईंना फोन केला. बाई भल्या होत्या, पण जेरीस आल्या होत्या. "मुलगी वाईट नाही हो, मॅडम," त्या म्हणाल्या. "उलट मनाने चांगली आहे. पण मी फळ्याकडे वळले की ती खिडकीत. प्रश्न संपायच्या आत उत्तर. दुसरीच्या हातातली पेन्सिल मधेच ओढून घेते. मला बाकीची पण पोरं आहेत ना."

आम्ही आधी औषधाशिवायचे उपाय केले. बाक पहिला. एका वेळी एकच सूचना. दर थोड्या वेळाने उठायचं काम, म्हणजे फळा पूस, वह्या वाट. घरी ओरडण्याऐवजी जवळ जाऊन खांद्याला हात लावून सांगणं. हे प्रणिताने मन लावून केलं. घरी बराच फरक पडला. शाळेत जवळपास नाही. वर्ग गच्च भरलेला, घरत बाई किती जणांच्या खांद्याला हात लावणार?

तेव्हा मी औषधाचा विषय काढला. प्रणिता म्हणाली, "घरात विचारावं लागेल."

विचारायची वेळच आली नाही. रोह्याच्या माझ्या वेटिंग रूममध्ये त्या दिवशी हमरापूरचीच एक बाई आपल्या भाच्याला घेऊन बसली होती, तीही लपूनच. दोघींनी एकमेकींना बघितलं, न बघितल्यासारखं केलं आणि आपापल्या मोबाईलमध्ये तोंड घातलं. प्रणिता घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती.

त्याच आठवड्यात सगळं कुटुंब पेणच्या क्लिनिकवर आलं. पुढे आरूचे आजोबा, म्हणजे आबा. सत्तरी ओलांडलेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, नखांत रंग. मागे आरूचे वडील नितेश, मग प्रणिता. आरू आत येताच फिरत्या स्टुलावर बसली आणि फिरायला लागली.

"काय डॉक्टरीणबाई," आबा म्हणाले, "आमच्या पोरीला येडी ठरवलीत म्हणे."

"कोण म्हणालं?"

"बोलायला कशाला पायजे कोण? बोर्ड लावलाय की भायेर."

मी म्हटलं बसा. ते बसले नाहीत. "एका जागी बसत नाय म्हणता ना? रविवारी या कारखान्यात. सकाळी बसली की जेवणापर्यंत उंदराचे डोळे आखत बसते. मान वर करत नाय. आजार असता तर बसली असती काय?"

त्यांचं म्हणणं वाचकांना कळावं म्हणून सांगते. गणपतीच्या कारखान्यात मूर्ती साच्यातून निघते, घासली जाते, रंगते आणि सगळ्यात शेवटी डोळे काढतात. त्याला आखणी म्हणतात. आखणी घरातला सगळ्यात पक्का हात करतो. त्या वेळी कॉम्प्रेसर बंद, रेडिओ बंद, कुणी बोलायचं नाही. आबा साऱ्या कारखान्याची आखणी करतात. नितेशकडे रंगाचा स्प्रे आणि व्यापाऱ्यांशी बोलणं. त्याला डोळे जमत नाहीत, हे तो स्वतःच सांगतो. पोरांना मूर्तीला हात लावू देत नाहीत, पण पायाशी बसणाऱ्या उंदरावर हात बसवू देतात. आरूचा हात सहाव्या वर्षीच बसला होता.

आबांचा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतं. उंदराच्या जागी क्रिकेट असतं, नाहीतर मोबाईल. मी म्हटलं, "आबा, हिच्याकडे लक्ष नाही असं नाहीच. भरपूर आहे. पण ते तिच्या ताब्यात नाही. जिथे रमलं तिथे चिकटून बसतं, जिथे रमत नाही तिथे कितीही ओढा, येत नाही. तुम्ही कंटाळा आला तरी व्यापाऱ्याचं बोलणं ऐकून घेता ना? तिला ते जमत नाही. ती मुद्दाम करत नाही."

"मला तरी कुठं जमतं?" आबा म्हणाले. "म्हणून तर नितेशला ठेवलाय."

नितेश पहिल्यांदाच बोलला. "मॅडम, मी नेटवर वाचलं. ही गोळी स्टिम्युलंट आहे. म्हणजे उत्तेजक. आधीच उड्या मारणाऱ्या पोरीला अजून उत्तेजक कशाला?"

चांगला प्रश्न होता. मेंदूत 'थांब जरा' म्हणणारा एक भाग असतो. एडीएचडीत तो डुलक्या काढतो. मिथाइलफेनिडेट नावाची ही गोळी त्याला जागं करते, म्हणून पोर उलट सावरतं. सकाळी घेतली की अर्ध्यापाऊण तासात चालू, आणि साधी गोळी असेल तर शाळा सुटण्याच्या सुमारास तिचा अंमल ओसरत आलेला. आजार बरा करत नाही. भूक कमी होऊ शकते, झोप लांबू शकते, पोट दुखतं, डोकं दुखतं. सांगितलेल्या डोसमध्ये, डॉक्टरच्या नजरेखाली घेतली तर व्यसन लागत नाही. हे सगळं मी सांगितलं आणि मग मला नको ती हुशारी सुचली.

"हे बघा आबा," मी म्हटलं, "नवीन रंग आला की तुम्ही थेट मोठ्या मूर्तीवर मारता का? आधी एखाद्या फुटक्या तुकड्यावर मारता, वाळू देता, उजेडात धरून बघता. तसंच हे. आधी ट्रायल."

"तो तुकडा आम्ही नंतर फेकतो, डॉक्टरीणबाई," ते म्हणाले. "आमची पोर काय फेकायचा तुकडा हाय?"

माझे कान तापले. उपमा देण्याची मला खोड आहे आणि त्या दिवशी ती चांगलीच अंगाशी आली. मी म्हटलं, "चुकलं माझं. तसं नाही. काय वाटतंय तुम्हाला, ते तुम्हीच सांगा."

तेव्हा ते बसले. "माझ्या पाठी घरात हा एकच हात हाय," ते म्हणाले. "नितेशचा नाय, चुलत पोरांचा नाय. हिचा हाय. वर्गात दिवसभर बोलणी खाते, घरी आली की ब्रश धरते आणि तेवढाच वेळ तिला कोण नाव ठेवत नाय. गोळीनं तो हात गेला, तर तिच्याकडं र्‍हायलं काय? तुम्ही लिहून देता काय, हात जाणार नाय म्हणून?"

"नाही देत," मी म्हटलं. "जाईल असं मला वाटत नाही. पण लिहून देणारा डॉक्टर खोटं बोलत असेल."

हे उत्तर त्यांना आवडलं असावं, कारण पाणी मागितलं.

मी स्टूल धरून थांबवलं. "आरू, शाळेत काय होतं गं?"

"सगळे एकदम बोलतात."

"सगळे म्हणजे कोण?"

"बाई. पंखा. मागच्या मुली. रस्त्यावरचा टेम्पो. आणि मी."

"आणि डोळे आखताना?"

"तेव्हा फक्त उंदीर बोलतो."

प्रणिता पदराने डोळे पुसत हसली. आबा बराच वेळ नखातला रंग कोरत बसले. मग म्हणाले, "करा चालू. पण मी बोललो बंद, तर बंद."

"बंद तर बंद. त्याच दिवशी. कारण विचारेन, वाद घालणार नाही."

वजन, उंची, नाडी, बीपी पाहिलं. घरात कुणाला लहान वयात हार्टचा त्रास होता का, विचारलं. सगळ्यात छोटा डोस, फक्त शाळेच्या दिवशी, पोटभर न्याहारी झाल्यावर. मेडिकलवाल्याने प्रिस्क्रिप्शन दोनदा वाचलं, नितेशला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, पनवेलहून मागवावं लागेल. या औषधाची कायद्याने नोंद ठेवावी लागते, म्हणून सगळे ठेवत नाहीत. नोंदीचं कळल्यावर आबांचा फोन आला, सरकार ज्याच्यावर नजर ठेवतं ते माझ्या नातीला कशाला. मी त्यांना म्हटलं, नजर आहे ती नशेसाठी चोरून खाणाऱ्यांवर, आरूवर नाही. फोन ठेवताना ते काहीतरी पुटपुटले, ते मला ऐकू आलं नाही हे बरं झालं.

छोट्या डोसने काही झालं नाही. थोडा वाढवला. थोडा फरक. आणखी एक पायरी वाढवला, आणि घरत बाईंचा आनंदाने फोन आला. "मॅडम, चमत्कार आहे. मुलगी दिवसभर जागेवर. एक शब्द नाही. मला तर वाटलं गैरहजर आहे."

मी खूश झाले, लपवत नाही. संध्याकाळी प्रणिताचा फोन.

"मॅडम, आज ती भांडली नाही."

"बरं झालं की."

"नाय मॅडम. शाळेतून आली ती दप्तर धरून पायरीवर बसली. चुलत भावानं तिची खुर्ची घेतली, पंख्याखालची. ती काय बोललीच नाय. डबा तसाच परत. मला भीती वाटते. ही आमची आरू नाय."

त्यात न समजण्यासारखं काही नव्हतं. डोस जास्त झाला होता. गोळीने पोर सावरायला हवं, विझायला नको. मी म्हटलं, उद्यापासून एक पायरी खाली. पण तोपर्यंत फोन आबांच्या हातात गेला होता. "बोललो व्हतो मी," ते म्हणाले. "बंद."

मी मनातून चडफडले. एक पायरी उतरलो असतो तर काम झालं असतं, हे मला दिसत होतं. पण शब्द दिला होता. "बंद," मी म्हटलं, आणि रिसीव्हर जरा जोरातच ठेवला.

पोरगी पूर्ववत झाली. म्हणजे भांडायला लागली, जेवायला लागली आणि वर्गात खिडकीत चढायला लागली. मग एक दिवस ती पुन्हा गेटबाहेर निघाली. या वेळी शिपायाने दप्तराला धरून मागे ओढलं. मुख्याध्यापकांनी सांगितलं, आता सहामाहीपर्यंत बघू, मग दाखला घेऊन जा. प्रणिता रोह्याला माझ्यासमोर बसून रडली. तिला नवऱ्याचा राग आला होता, कारण तो तिच्या आणि आबांच्या मध्ये नुसता उभा राहत होता.

आणि दोन दिवसांनी नितेश पेणच्या क्लिनिकवर एकटा आला. भर दुपारी, बाजाराच्या बाजूने, कोपरापर्यंत सोनेरी रंग. कुणी बघेल याची त्याला फिकीर नव्हती. बसायच्या आधीच बोलायला लागला.

"मॅडम, आबांना शाळेचं काय पडलेलं नाय. त्यांना उंदराचं पडलंय. मग उंदरावरच बघू ना."

त्याची कल्पना अशी. एका रविवारी गोळी द्यायची नाही, पुढच्या रविवारी द्यायची. दोन्ही दिवशी आरूने एकेक फळी उंदीर आखायचे. कुठल्या रविवारी गोळी, हे आबांना सांगायचं नाही. नितेश उंदरांच्या बुडाला पेन्सिलने खूण करणार, मग सगळे एका फळीवर मिसळून ठेवणार. आबांनी गोळीतले उंदीर वेगळे काढून दाखवायचे. काढले, तर गोळी कायमची बंद. नाही काढता आले, तर शाळेपुरती चालू.

मी चाटच पडले. औषधाच्या चाचण्या नेमक्या अशाच करतात. बघणाऱ्याला कळू द्यायचं नाही की औषध कधी दिलं, म्हणजे त्याचा आधीचा ग्रह मध्ये येत नाही. "हे तुला कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"व्यापाऱ्यांनी," नितेश म्हणाला. "आबांची आखणी असली की भाव वेगळा, म्हणून ते आमच्या मूर्ती दुसऱ्यांच्यात मिसळून अशाच ओळखायला लावतात."

मी एकच अट घातली, डोस खालच्या पायरीचा. आणि एक शंका होती, ती बोलून दाखवली. आरूच सांगून टाकेल. त्या पोरीच्या तोंडात तीळ भिजत नाही.

"मी तिच्याकडून कबूल करून घेतलंय," नितेश म्हणाला. त्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास दिसत नव्हता.

निकालाच्या दिवशी मला कारखान्यात बोलावलं. गेले. सीझन अगदी भरात होता. पत्र्याच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नाही, चहूकडे गणपती, निम्म्यांना डोळे नाहीत. नितेशने कॉम्प्रेसर बंद केला. फळी समोर आणली. वीतभर उंचीचे उंदीर, ओळीने, सगळे माझ्याकडे बघत होते. मला तर सगळे सारखेच दिसले.

आबांनी चष्मा पुसला. एकेक उंदीर उचलून उजेडाकडे धरला, फिरवला, परत ठेवला. आरू आईच्या मागे उभी राहून एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होती. बऱ्याच वेळाने त्यांनी तीन उंदीर बाजूला काढले.

"हे गोळीतले," ते म्हणाले. "ह्यो तर शंभर टक्के. रेघ सरळ हाय, पण डोळ्यात जीव नाय. बोललो नव्हतो मी?"

नितेशने पहिला उलटा केला. पहिल्या रविवारचा, बिनगोळीचा. दुसरा उलटा केला. तोही बिनगोळीचा. तिसरा उलटा केला, तर त्याच्यावर खूणच नव्हती.

"ह्यो कुणाचा?" आबांनी विचारलं.

नितेश फळीकडे बघत म्हणाला, "माझा. एक तिच्या हातून पडून फुटला. फळी रिकामी दिसत होती, म्हणून मी आखला."

मग आरू हसत सुटली आणि पाठोपाठ सगळेच, अगदी आबांचे कारागीरसुद्धा, जे इतका वेळ काम करत असल्याचं नाटक करत होते. आबांनी उंदीर पुन्हा डोळ्यांजवळ नेला. "मग बरोबरच बोललो मी," ते म्हणाले. "जीव नायच हाय."

चहा आला. आबा माझ्या शेजारी बसले. बशीत चहा ओतत हळूच म्हणाले, "मला दुसऱ्या रविवारीच कळलेलं, गोळी कधी दिली ते."

"कसं काय?"

"पहिल्या रविवारी ब्रश धरायच्या आधी येऊन बोलली, आबा, आज नाय घेतली हां. मी विचारलं पण नव्हतं. पुढच्या रविवारी मी मुद्दाम विचारलं, घेतलीस काय गो? तिनं तोंड उघडलं. मग तोंडावर हात ठेवला. बोलली, आबा, विचारू नका ना, पप्पांना कबूल केलंय." त्यांनी बशी खाली ठेवली. "नऊ वर्षांत पहिल्यांदा ही पोर बोलायच्या आधी थांबली, डॉक्टरीणबाई. गप्प नव्हती. आखणी झाल्यावर दिवसभर गाणी म्हणत व्हती. पण थांबली."

मी विचारलं, "मग कळलंच होतं, तर आता उंदीर कशाला निवडत बसलात?"

"हात बघायचा व्हता ना," ते म्हणाले. "हात हाय. चालू करा."

सोमवारपासून गोळी चालू झाली, खालच्या पायरीची. शाळेच्या दिवशी सकाळी, घावणे पोटभर खाऊन झाल्यावर. डबा अजून अर्धा परत येतो, पण संध्याकाळी ती भाकरीवर अशी तुटून पडते की प्रणिताने पीठ वाढवलं. दर खेपेला वजन, उंची, बीपी बघते. सुट्टीत गोळी नाही. मधूनमधून थांबवून बघायचं, अजून लागते का ते, असं आमचं ठरलंय. आणि पोरगी काही देवमाणूस झालेली नाही. कंपासपेट्या हरवते त्या हरवतेच, आणि माझ्या वजनकाट्याला अजून एक स्क्रू कमी आहे.

शाळेने दाखल्याचा विषय परत काढला नाही. तिच्या बाकावर आता एक मुलगी बसते. चुलत बहीण नव्हे. आरूने तिला उंदीर आखायला शिकवलं आणि तिने आरूला गुणाकार. कोण जास्त शिकलं यावर दोघींची भांडणं होतात.

गेल्या खेपेला मी आरूला विचारलं, गोळीने काय होतं गं?

तिने स्टूल थांबवलं आणि विचार केला. "बाई ओरडायच्या आधी मला कळतं," ती म्हणाली. "आधी ओरडल्यावर कळायचं."

त्याच आठवड्यात घरत बाईंचा फोन आला. आरूचं कौतुक केलं, मनापासून केलं. मग जरा अडखळल्या. "मॅडम, एक विचारू? आता चांगलीच आहे. पण मध्ये ते काही दिवस अगदीच शांत बसायची बघा. एक शब्द नाही. तो डोस परत नाही का देता येणार?"

मी म्हटलं, "बाई, गोळी आरूला द्यायची आहे. वर्गाला नाही."

त्या हसल्या, म्हणजे समजल्या असं मी धरलं. तेव्हापासून डोस वाढवायची वेळ आली की मी पेन खाली ठेवते आणि आधी विचारते, यामुळे बरं नक्की कुणाला वाटणार आहे. उत्तरात पोराचं नाव पहिलं आलं तरच लिहिते.